धर्मशाळेपासून वृद्धनिवासापर्यंत



मंडळाचे वय एका वर्षाने वाढले म्हणजे आपण सगळ्याजणी आनंदाने स्मरणिका काढतो. स्वतःचे वय वाढल्याचा आनंद मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. ज्या सुना म्हणून पहिल्या हळदीकुंकवाला आल्या, त्या आता आज्या झाल्या आहेत. पूर्वी आपल्या बैठकीत मुलांच्या शाळा आणि मुलींची लग्ने यांच्या गोष्टी निघत. आता गुडघे, मोतीबिंदू आणि पुण्याला गेलेला मुलगा यांच्या निघतात. बोलता बोलता एखादी हळूच विचारते, “पुढे कसे व्हायचे गं?” आणि मग दुसरी कोणी चहाचे पाणी ठेवावयास उठते.

हा प्रश्न चहाबरोबर गिळून टाकण्यासारखा नाही. म्हणून या लेखात त्याचा थोडा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. वाकलेल्या माणसाला आपल्या समाजाने आजवर कोठे ठेवले, कोणी सांभाळले आणि कोणत्या हक्काने सांभाळले, हे कळले म्हणजे आज समोर दिसणाऱ्या निरनिराळ्या सोयींचा अर्थ नीट लागतो. यातला ‘हक्काने’ हा शब्द वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. छप्पर, जेवण, सोबत आणि शुश्रूषा या चार गोष्टी म्हातारपणी लागतातच; पण त्या उपकार म्हणून मिळतात की हक्क म्हणून, यावर म्हातारीच्या मानेचा ताठपणा अवलंबून असतो.

पूर्वी सगळे घरीच होत असे काय?

“आमच्या वेळी असले वृद्धाश्रम नव्हते, सगळे घरीच होत असे,” हे वाक्य आपण शेकडो वेळा ऐकले आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. एक तर फार म्हातारी होणारी माणसेच थोडी होती. १९४१ ते १९५१ या दशकात आपल्या देशातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. त्या काळी बालमृत्यू फार, त्यामुळे सरासरी इतकी खाली दिसते हे खरे. तरीही पंचाऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, पाच-सहा वर्षे करावी लागणारी सासू ही गोष्ट घरोघर नव्हती. आज ती आहे.

दुसरे असे की, घरातल्या म्हाताऱ्याला घरातच काम होते. आपल्या इचलकरंजीपुरते बोलायचे तर हातमागाचे दिवस आठवावेत. माग पुरुषाने चालवायचा. पण सुताला खळ लावणे, ताणा करणे, रहाटावर कांड्या भरणे ही कामे बायकामुलांची आणि म्हाताऱ्यांची. डोळ्याला कमी दिसणारी आजीसुद्धा हाताच्या सवयीने कांडी भरीत असे. तिचे खाणे कोणाला जड वाटण्याचे कारण नव्हते, कारण तिचा हात थांबला तर धोटाही थांबे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढच्या पिढ्यांत या गावाचे नाव देशभर झाले. यंत्रमागाने आपल्याला अन्न दिले, त्याला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण काम घरातून शेडमध्ये गेले, कामाच्या पाळ्या झाल्या, आणि घरातल्या म्हातारीच्या हातातली कांडी सुटली. मुलगा रातपाळीला, सून दुसरीकडे कांड्या भरावयास किंवा शिलाईला, आणि आजी दहा-बाय-दहाच्या खोलीत एकटी. याला कोणा एकाची दुष्टबुद्धी कारण नाही. धंद्याची घडण बदलली, तिच्याबरोबर घराचीही बदलली.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. घरात सांभाळले जाई, पण कसे? विधवा बाईचा नवऱ्याच्या मिळकतीवर मालकीहक्क नसे; तिला ‘अन्नवस्त्र’ मिळे. वाटणी करताना तिच्या नावे एखादी खोली, वर्षाकाठी इतके धान्य आणि दोन लुगडी असे लिहीत, आणि ते पुढे मिळे की नाही हे दिराच्या व पुतण्यांच्या मनावर. ज्या घरी माया होती त्या घरी कागदाची गरज पडली नाही, आणि ज्या घरी ती नव्हती त्या घरी कागदाचा उपयोग झाला नाही. जुन्या वाड्यांच्या माजघरांत अशी कितीतरी आयुष्ये बोलल्यावाचून संपली. जुना काळ आठवताना ओसरीवरचे आजोबा तेवढे आठवू नयेत. माजघरातली ती आत्याही आठवावी.

ज्यांना घर नव्हते त्यांचे काय?

म्हातारपणी घर सोडून वेगळे राहणे ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या शास्त्रांनी चार आश्रमांत वानप्रस्थ सांगितलाच आहे. मुलाच्या हाती संसार देऊन बाजूला व्हावे, हा विचार आपला जुनाच. त्यात एवढेच होते की, तो निर्णय जाणाऱ्याने स्वतः घ्यावयाचा. काशीवासाला किंवा पंढरपुराला गेलेल्या सगळ्याच विधवा स्वतःच्या इच्छेने गेल्या होत्या असे म्हणता येत नाही. काहींना देवाची ओढ होती, काहींना घरच्यांनी वाट दाखविली होती. आपल्या जवळच्या नृसिंहवाडीलाही सेवेच्या निमित्ताने दिवसचे दिवस राहणारी म्हातारी माणसे असत, आजही असतात. देवळाजवळ जेवणाची ददात नाही आणि चार माणसांची सोबत मिळते, ही त्यामागची व्यवहाराची बाजू. तीर्थक्षेत्र हे आपले पहिले वृद्धनिवासच होते म्हणा ना!

संस्था म्हणून काही उभे राहिले ते शहरांत. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ सुरू झाले, म्हणजे जनावरांची सोय झाली. त्याच शतकात बेलासिस रोडवर जमशेटजींच्या नावाची धर्मशाळा झाली आणि तीत निराधार, वृद्ध माणसांना आसरा मिळाला. पुण्यात १८६० नंतरच्या वर्षांत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून नवी पेठेत एक गृह निघाले. त्याचे नाव ‘अनाथ पंगू गृह’. आज तीच संस्था ‘निवारा’ या नावाने ओळखली जाते. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी ‘मिझेरिकॉर्डिया’ नावाची धर्मादाय संस्था गोरगरीब, विधवा आणि आजारी यांच्यासाठी होती. तेथे आज सरकारी ‘प्रोव्हेदोरिया’ वृद्धाश्रम चालविते.

या जुन्या नावांकडे पाहिले की त्या काळची दृष्टी कळते. अनाथ, पंगू, निराश्रित! देणारा मोठा आणि घेणारा दीन. त्या देणगीदारांनी केलेले काम मोठे होते यात शंका नाही. पण तेथे राहणाऱ्याला ‘मला हे मिळाले पाहिजे’ असे म्हणता येत नव्हते.

आणि हे आपल्याच देशात होते असे नाही. इंग्लंडात १८३४ च्या कायद्याने गरिबांसाठी जी कामगृहे निघाली, ती मुद्दाम कठोर ठेवली होती, म्हणजे कोणी सुखासुखी तेथे येऊ नये. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात. साठीपुढच्या जोडप्याला एकत्र राहू द्यावे एवढी सवलत मिळावयास १८४७ साल उजाडले. त्या कामगृहांची धास्ती तिकडच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बाळगली. ती धास्ती कमी करण्यास मोठा हातभार लावला तो चांगल्या इमारतींनी नव्हे, तर पेन्शनीने. १९०८ साली कायदा होऊन सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, आणि कितीतरी म्हाताऱ्या आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीजवळ राहू शकल्या. हातात थोडा पैसा असला की सांभाळणाऱ्यालाही म्हातारी जड होत नाही, हे सत्य तेथेही खरे आणि येथेही खरे.

आपल्या समाजसुधारकांचे ऋण येथे सांगितलेच पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून बायकांना शिक्षण आणि शुश्रूषेचे धडे दिले. या संस्थांचा मुख्य रोख तरुण विधवांवर होता, आणि ते योग्यच होते. शिकलेली बाई म्हातारपणीही कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. वार्धक्यातील निवाऱ्याचा पाया तारुण्यातल्या शिक्षणात आणि मिळकतीत असतो, हे त्यांनी न बोलता दाखविले.

उपकाराकडून हक्काकडे

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि आपला भागही नव्या राज्याच्या कायद्याखाली आला. १९५६ चे वर्ष बायकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पूर्ण मालकीचा वाटा मिळाला. अन्नवस्त्रापुरता किंवा तिच्या हयातीपुरता नव्हे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलावर आणि मुलीवरही टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ खाली आईबापांनाही पोटगी मागता येऊ लागली. लग्न झालेल्या मुलीवर ही जबाबदारी येते काय, असा प्रश्न कल्याणच्या एका डॉक्टर कन्येच्या खटल्यात निघाला, आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘येते’ असे स्पष्ट सांगितले. १ जुलै २०२४ पासून ती जुनी संहिता गेली. तीच तरतूद आता नव्या संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

राज्य सरकारने १९६३ साली निराधार वृद्धांच्या आश्रमांना अनुदान देण्याची योजना सुरू केली. तीत प्रवेशासाठी पुरुषाला ६० वर्षे आणि स्त्रीला ५५ वर्षे अशी मर्यादा आहे. बाई लवकर निराधार होते हे सरकारी कागदालाही ठाऊक होते म्हणावयाचे! १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली. १९९५ साली राज्यात ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना निघाली आणि प्रत्येकी शंभर जणांची सोय योजिली गेली. त्याच वर्षी केंद्र सरकारने पासष्टीपुढच्या निराधारांना महिना ७५ रुपये पेन्शन सुरू केली. आज आपल्या राज्यात श्रावणबाळ योजनेखाली ६५ वर्षांवरील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीस महिना १,५०० रुपये मिळतात. ही रक्कम २०२३ मध्ये वाढली. तेवढ्यात महिना निघत नाही; पण औषधाला आणि नातवाच्या खाऊला सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, हे थोडे नव्हे. आपल्या गावात बहुसंख्य यंत्रमाग कामगारांना, कांडीवाल्या आणि वहिफणीवाल्यांना निवृत्तिवेतन नसते; त्यांच्या दृष्टीने तर हीच पेन्शन.

आणि २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. ‘अनाथ पंगू’पासून ‘ज्येष्ठ नागरिक’ या शब्दापर्यंत यावयास आपल्याला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

आजच्या सोयी : कोणती कोणासाठी?

आता आजच्या सोयी पाहू. आपण सगळ्यांना सरसकट ‘वृद्धाश्रम’ म्हणतो, आणि तेथेच घोटाळा होतो. सरकी, सूत आणि कापड यांना एकच भाव कोणी लावीत नाही, तसेच हे.

पहिली सोय आपल्याच घरी राहून मदत घेण्याची. वरकामाला बाई, दुपारचा डबा, आठवड्यातून एकदा नर्सबाई, आणि संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्र. राज्यातल्या अशा संघांचा महासंघ १९८० साली स्थापन झाला. त्याला ‘फेस्कॉम’ म्हणतात. जिचे हातपाय चालतात, डोके शाबूत आहे आणि घर स्वतःचे आहे, तिला हीच सोय उत्तम. खर्च कमी आणि शेजार तोच. न्हाणीघरात धरावयास कडी आणि घसरणार नाही अशी फरशी, एवढे केले तरी कितीतरी जणींचे खुब्याचे हाड वाचेल.

दुसरी सोय निराधारांच्या वृद्धाश्रमाची. हा मोफत असतो, सरकारी अनुदानावर किंवा देणग्यांवर चालतो. ज्याला कोणी नाही आणि पैसाही नाही त्याच्यासाठी तो आहे. तेथे जाणे ही नामुष्की नव्हे. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० गरीब ज्येष्ठांना पुरेल असा एक तरी आश्रम असावा असे म्हटले आहे.

तिसरी सोय सशुल्क वृद्धनिवासाची. येथे अनामत रक्कम आणि दरमहा शुल्क भरावे लागते. खोली, जेवण, सोबत आणि जुजबी वैद्यकीय देखरेख मिळते. पैसे आहेत पण एकटेपणा सोसत नाही, स्वयंपाक होत नाही, अशांसाठी ही. येथे एक गोष्ट आधी विचारावी. पुष्कळ ठिकाणी हिंडत्याफिरत्या, आपले आपण करणाऱ्या माणसालाच घेतात. उद्या अंथरुण धरले तर ठेवून घेणार की मुलाला बोलावून घेऊन जावयास सांगणार? अनामत परत केव्हा आणि किती मिळणार? ही उत्तरे तोंडी नकोत, लेखी हवीत.

चौथी सोय ज्येष्ठांच्या वसाहतीची. पुण्यात परांजपे स्कीम्स यांनी ‘अथश्री’ नावाने अशा वसाहती बांधल्या, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गात ही कल्पना रुजली. येथे सदनिका विकत घ्यावयाची, आपले दार आपल्या किल्लीने उघडावयाचे; मात्र इमारत, भोजनगृह आणि तातडीची मदत म्हाताऱ्यांच्या सोयीने योजलेली असते. २०२४ साली महारेराने अशा इमारतींसाठी नियम घालून दिले. दरवाजे निदान ९०० मिलिमीटर रुंद हवेत म्हणजे चाकाची खुर्ची जाईल, उंबऱ्याऐवजी उतार हवा, लिफ्ट हवी, न्हाणीघरात धरावयास दांडे हवेत. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि गाठीला पैसा आहे, त्यांची ही सोय. आपल्यातल्या बहुतेकींच्या आवाक्यातली नव्हे. पण ते नियम फुकट वाचता येतात, आणि आपल्या घराची डागडुजी करताना कामाला येतात.

पाचवी सोय शुश्रूषागृहाची. अंथरुणाला खिळलेली, नळीने अन्न घेणारी, किंवा विसराळूपणाच्या आजाराने घरचा रस्ताही विसरलेली माणसे यांना रात्रंदिवस प्रशिक्षित माणूस लागतो. हे काम नुसत्या मायेने होत नाही. आपल्या भागात आजार म्हटला की मिरज, ही समजूत १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल निघाले तेव्हापासूनची. पण रुग्णालय दुखणे बरे करून घरी पाठविते. जे दुखणे बरे व्हावयाचे नाही ते सांभाळणे त्याचे काम नव्हे. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांची सोय आहे. तिचे कार्ड अवश्य काढावे. मात्र घरी ठेवलेल्या बाईचा पगार किंवा वृद्धनिवासाचे शुल्क त्यातून मिळत नाही. जपानने ही उणीव ओळखून २००० साली चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन शुश्रूषेचा सक्तीचा विमा काढला. आपल्याकडे तसे अजून काही नाही. आज तो विमा म्हणजे घरातली बाई.

सहावी आणि शेवटची सोय, अंतकाळाच्या वेदना हलक्या करणाऱ्या घरांची. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, पुण्यात १९९७ साली सिप्लाचे केंद्र निघाले. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत दुःख कमी करावे, माणसाला माणसासारखे जाऊ द्यावे, हे यांचे काम. तेथे नेले म्हणजे आपण हात टेकले असे वाटून घेऊ नये. वेदना थांबविणे हीही सेवाच.

या सहा सोयींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. आपल्याला छप्पर हवे आहे, जेवण हवे आहे, सोबत हवी आहे की शुश्रूषा हवी आहे, हे आधी ओळखावे. सोबतीची भूक असलेल्या बाईला शुश्रूषागृहात ठेवले तर ती खंतावेल; आणि शुश्रूषेची गरज असलेल्या बाईला घरी एकट्या सुनेवर टाकले तर दोघी झिजतील.

घराचा कागद

आता ज्याच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. १९७० साली कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर सगळी मिळकत मुलांना वाटून मोकळे होतात आणि मग त्यांच्याच घरी परके होतात. नाटक पाहून आपण सगळ्या रडलो. घरी येऊन मात्र पुष्कळांनी तसलेच कागद केले. १९५६ च्या कायद्याने बाईच्या हाती घर आले, हे मोठे झाले. पण हाती आले म्हणूनच ते सही करून देताही येऊ लागले. “आई, नाव लावून टाकू, पुढे कटकट नको,” असे मुलाने म्हटले की आई अंगठा उठवून मोकळी होते. मुलगा वाईट असतो असे नाही. पण धंद्यात खोट येते, कर्ज होते, घर गहाण पडते. मुलगा अकाली जातो, आणि घर ज्यांच्या हाती जाते त्यांच्याशी आईचे पटत नाही.

बक्षीसपत्र करणेच असेल तर त्यात एक वाक्य स्पष्ट लिहून घ्यावे : देणाऱ्या व्यक्तीस तहहयात या घरात राहण्याचा हक्क राहील, आणि घेणाऱ्याने तिचा निर्वाह व शुश्रूषा करावयाची. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली गेली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अट असल्याचे दिसलेच पाहिजे, असे एका निकालात म्हटले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावला. निकाल कसाही लागो, कागदावर लिहिलेले वाक्य सर्वांत बळकट. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मृत्युपत्र. ते हयातीत केव्हाही बदलता येते आणि घर शेवटपर्यंत आपलेच राहते.

निर्वाहासाठी अर्ज करावयाचा तो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे, आणि प्रांत कार्यालय आपल्या इचलकरंजीतच आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायद्यात आहे, आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देता येतो. मूलबाळ नसेल तर ज्याला पुढे मिळकत मिळावयाची त्या नातलगाकडूनही तो मागता येतो. म्हाताऱ्या माणसाला कोठेतरी सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. काहीच सुचेनासे झाले तर १४५६७ हा क्रमांक देशभर ज्येष्ठांच्या मदतीसाठी आहे.

“पोटच्या मुलावर अर्ज करू?” असे कोणी विचारील. करावाच असे कोण म्हणते? पण उंबऱ्याला कडी आहे हे ठाऊक असले म्हणजे ती दर वेळी लावावी लागत नाही.

आपल्या मंडळापुरते

शेवटी एक गोष्ट सुनांची. आजवरच्या या सगळ्या इतिहासात धर्मशाळा, आश्रम, योजना आणि कायदे यांची नावे आली. पण खरा भार ज्यांनी उचलला त्यांचे नाव कोठेही नाही. सासूची वेणीफणी, सासऱ्यांचे अंथरुण, रात्री-अपरात्री औषध, हे सगळे पिढ्यान् पिढ्या बायकांनी केले, आणि त्याला ‘कर्तव्य’ हा एकच शब्द देऊन पुरुष कामावर गेले. अशी सून साठीला आली की तिची कंबर गेलेली असते आणि तिचे करणारी दुसरी सून पुण्याला नोकरीत असते. त्या मुलीला दोष देऊन काय मिळणार? तिला शिकविले आपणच.

म्हणून आपल्या मंडळाने थोडे करावे. महिन्यातून एक दुपार विधवा आणि एकट्या भगिनींचे अर्ज भरून देण्यासाठी ठेवावी. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पुस्तक यांतच पुष्कळींची पेन्शन अडते. ज्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे तेथे आठवड्यातून दोन तास आपल्यातल्या दोघींनी जाऊन बसावे. म्हणजे करणारी सून देवळात, बाजारात किंवा नुसती झोपून येईल. एखाद्या वर्षी सहल वाडीला न नेता एखादा वृद्धनिवास पाहावयास न्यावी. फळे वाटण्यासाठी नव्हे, तर चौकशीसाठी : न्हाणीघर कसे आहे, रात्री कोण असते, आजारी पडल्यावर काय करतात. आणि हे सगळे आपले हातपाय धड आहेत, सही करताना हात कापत नाही, तोवर करावे. धान्य पावसाळ्याआधी भरावयाचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

१९०४ सालच्या त्या एका यंत्रमागापासून हे गाव वाढले ते येथल्या माणसांनी एकमेकांना उसने सूत, उसने भांडवल आणि उसना धीर दिला म्हणून. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती पावणेतीन लाखांच्या वर गेली होती, आणि २०२२ साली येथे महानगरपालिका झाली. एवढ्या मोठ्या गावात एकाही म्हातारीला “मी कोणाच्या उपकारावर आहे?” असे विचारण्याची वेळ येऊ नये. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मंडळाच्या कामाचा अहवाल छापताना, इतक्या भगिनींची पेन्शन सुरू झाली आणि इतक्या जणींनी घराचा कागद नीट करून घेतला, अशी एक ओळ त्यात आली, तर या लेखाचे सार्थक झाले असे समजावे.